निळ्या नखांचा माणूस

त्या थंडीत आमच्या स्वयंपाकघरात आठवड्याला एक तरी बाई मरत असे. मरायची ती फ्रान्समधल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावात, धुक्यात. पण ऐकायचो आम्ही कन्नड मुलखातल्या बसवनगुडीत, जमिनीवर फतकल मारून, मध्ये भिजवलेल्या अवरेकाळूंचं पातेलं घेऊन. अवरेकाळू म्हणजे पावट्याचे दाणे. ते दिवसभर भिजवायचे आणि संध्याकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायचं. दाणा टुपकन उडून पातेल्यात पडतो. किलोभर दाणे सोलायला दोन तास लागतात, बोटं पांढरी पडतात, आणि हाताला जो उग्र वास लागतो तो दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीपर्यंत जात नाही. या दोन तासांत मीनक्का आम्हाला कादंबरी वाचून दाखवायची. मीनाक्षी माझी थोरली बहीण. ती बावीस वर्षांची, मी तेरा. तिला दाणे सोलण्यातून सुटका हवी असे, म्हणून हे वाचन तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं असं अम्मा म्हणायची.

आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, दारात कन्नड. अम्मा कन्नड शाळेत शिकलेली. देवनागरी तिला वाचता यायची, पण बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत. मराठी पुस्तकं आमच्या घरी आली ती शेजारच्या निमकरांमुळे. निमकर नागपूरचे. नोकरीसाठी इकडं येऊन शेजारच्या वाड्यामागच्या एका खोलीत भाड्यानं राहात होते. तिशीचे असावेत. त्यांना आमची मराठी ऐकून हसू यायचं, पण ते हसू त्यांनी कधी लपवलं नाही म्हणून आम्हाला राग यायचा नाही. गावातल्या मराठी मंडळींच्या वाचनालयाचं कार्ड त्यांच्या नावावर होतं, आणि आपलं वाचून झालेलं पुस्तक ते मीनक्काला आणून देत. कुंपणावरून द्यायचे, अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या देखत. आता माझ्या इमारतीत पुण्याहून आलेली बरीच मुलं राहतात. मी लिफ्टमध्ये ‘स्वल्प सरका’ म्हटलं की तीही तशीच हसतात.

ती फ्रेंच कादंबरी अशीच कुंपणावरून आली. वरचं कव्हर गेलेलं, जाड पुठ्ठ्यात शिवलेली, भाषांतर करणाऱ्यानं जिवावर उदार होऊन केलेली. त्यातली माणसं एकमेकांना ‘महाशय’ म्हणत आणि रागावली की ‘हे परमेश्वरा!’ म्हणत. गावात कुणीतरी एकामागून एक बायकांचे खून करत असतो आणि पोलिसांना काही सापडत नाही. त्या गावात मादाम ब्लांश नावाची एक विधवा लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असते. मेलेल्या बाईचा कपडा पाण्यात बुडवून तिनं त्यात हात घातले, की ती बाई कुठं पडली आहे ते तिला दिसतं. हे तिला अगदी लहान असल्यापासून दिसत आलेलं. इन्स्पेक्टर आधी हसतो, मग तिच्या दारात येऊन उभा राहतो. अम्माला ही बाई फार आवडली. ती तिला ब्लांशक्का म्हणायची. ‘पाणी गार असेल की गं तिथं,’ ती मध्येच म्हणायची, ‘एवढ्या थंडीत हात घालते बिचारी.’ खुनी कोण याच्याशी अम्माला फार कर्तव्य नव्हतं. मला होतं. मीनक्का एका वेळी एकच प्रकरण वाचायची आणि पुस्तक बंद करून उठायची, म्हणून मी दुपारी शाळेतून आल्यावर न्हाणीघरात बंबामागं बसून पुढची प्रकरणं चोरून वाचत असे. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी मीनक्कानं बसचं तिकीट खूण म्हणून घातलं त्याआधीच माझी कादंबरी वाचून संपली होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तिनं उप्पिट्टू खाल्लं, तिखट झालं म्हणाली, आणि ज्या कचेरीत टायपिंगचं काम करत असे तिथं जायला निघाली. संध्याकाळी ती आली नाही. कचेरीत ती पोचलीच नव्हती. बसथांब्यावरच्या फुलवालीनं तिला सकाळी पाहिलं होतं. त्यानंतर कुणीच नाही. आजही एवढंच माहीत आहे. याहून एक अक्षर जास्त आम्हाला कधी कळलं नाही.

आदल्या आठवड्यात हुबळीच्या एका स्थळावरून घरात वाद झाला होता. मीनक्का नको म्हणाली होती आणि अण्णा ओरडले होते. अण्णा शाळेत ड्रिल मास्तर होते, त्यांचं ओरडणं चार घरं पलीकडे ऐकू जाई. पोलीस चौकीत त्यांनी हा वाद प्रामाणिकपणे सांगितला आणि तिथंच सगळं संपलं. मुलगी सज्ञान आहे, रागावून गेली असेल, वाट पाहा, असं त्यांना सांगण्यात आलं. अण्णा दोन-तीन दिवस फिरले, नातेवाइकांकडे विचारून आले, आणि मग बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसले ते उठेनात. ‘गेली तिच्या मनासारखं करायला,’ असं ते एकदाच म्हणाले. शाळेत रजा टाकली. गळ्यातली शिट्टी खिळ्याला टांगली. घरात आवाज असा उरला नाही. अम्मा भात वाढायची तेव्हा पळीचा ताटाला लागेल तेवढाच.

‘अहो, स्वल्प उठा की. रेल्वे स्टेशनवर तरी बघून या,’ अम्मा म्हणायची.

‘कुणाला बघू? जिला सापडायचंच नाही तिला?’

नवव्या दिवशी शाळेतून आले तर अम्मा मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ उभी होती. दगडाच्या टाकीत पाणी भरलेलं आणि त्यात मीनक्काची फिकी पिवळी साडी. रविवारी धुवायला टाकलेली ती साडी अम्मानं इतके दिवस धुतली नव्हती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. किती वेळ उभी होती कोण जाणे, बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. मला पाहून तिनं हात काढले नाहीत. म्हणाली, ‘मला काही दिसत नाही गं, वत्सू.’

तिनं बाजूला सरकून मला जागा करून दिली.

‘तू घाल बघू. तुझ्याएवढी असतानाच दिसत होतं की ब्लांशक्काला.’

मला हसू आलं नाही. आज कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, शहाणीसुरती बाई ती, कादंबरीतल्या गोष्टीवर कशी विश्वास ठेवते. पण नऊ दिवस घरात कुणी बोलत नव्हतं, देवळात तीन वेळा नारळ फोडून झाले होते, आणि जगात कुणीतरी कुठंतरी हरवलेल्या बाईचा शोध लावते एवढं त्या एका पुस्तकातच लिहिलेलं होतं. मी दप्तर खाली ठेवलं आणि हात घातले. पाणी गार होतं. साबणाचा वास, आणि साडीचा काठ बोटाला गुंडाळला गेला. बाकी काही नाही. मी अम्माकडे पाहिलं. तिचं तोंड मला असं कधी दिसलं नव्हतं. लहान मुलानं खाऊकडे पाहावं तसं ती माझ्याकडे पाहात होती.

‘काय दिसतंय?’

‘पाणी,’ मी म्हणाले.

‘कसलं पाणी?’

‘मोठं. तळं. काठाला लव्हाळी आहेत. वरून रेल्वे जाते.’

‘कुणी आहे तिथं?’

‘माणूस आहे.’

‘कोण? बघ नीट.’

‘तोंड दिसत नाही. त्याची नखं निळी आहेत.’

हे सगळं पुस्तकात होतं. शेवटून तिसऱ्या प्रकरणात मादाम ब्लांशला रेल्वेच्या पुलाखालची लव्हाळी दिसतात आणि कपडे रंगवायच्या कारखान्यातल्या माणसाची निळी नखं दिसतात. मी एक शब्दही माझ्या मनचा घातला नव्हता. मला वाटलं, अम्माला बरं वाटेल, रात्री दोन घास जेवेल. तेराव्या वर्षी याहून पुढचं मला दिसलं नाही.

अम्मा ओल्या हातांनी तशीच बाहेरच्या खोलीत गेली. फार गंभीर बोलायचं असलं की ती कन्नडमध्ये बोलायची. ती काय बोलली ते मला सगळं ऐकू आलं नाही. पण खुर्ची करकरली, आणि अण्णा उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, त्यांचे धाकटे भाऊ वेंकटेशकाका आणि मी के. आर. पुरमला गेलो. रेल्वे आणि तळं दोन्ही जवळ असलेली जागा काकांच्या डोक्यात तीच आली. तेव्हा तो भाग गावाबाहेरचा होता, स्टेशनपलीकडे शेतं होती. मला जागा ओळखता यावी म्हणून बरोबर नेलं होतं. तळ्याच्या काठी लव्हाळी होती. कुठल्याही तळ्याच्या काठी असतात. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी झाली आणि काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथं दोघं कोळी टोपलीसारख्या गोल नावेतून मासे धरत होते. काकांनी त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी जाळं टाकलं. दुपारपर्यंत टाकत होते. शेवाळ आलं, फुटका घडा आला, चिंध्या आल्या. एकदा एक बाईची चप्पल आली. अण्णांनी ती हातात घेतली, धोतराच्या सोग्यानं चिखल पुसला, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग मला विचारलं, ‘ही तिची का गं?’

बावीस वर्षं त्या मुलीच्या चपला आमच्या दारात अण्णांच्या जोड्याशेजारी असत. त्यांना ओळखता येत नव्हती. मी म्हणाले, ‘नाही अण्णा.’ त्या दिवशी मी बोलले त्यातलं तेवढंच खरं होतं.

परत येताना बसमध्ये काका म्हणाले, ‘तळं चुकलं असेल. तळी काय एक आहेत? पण नखं निळी म्हणजे?’ आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, स्वतःशीच म्हणाल्यासारखे: ‘तो निमकर.’

निमकर ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नकाशे काढायचे. निळी शाई त्यांच्या नखांच्या कडांत बसलेली असे आणि कितीही घासली तरी निघत नसे. कुंपणावरून पुस्तक देताना ती मी शंभर वेळा पाहिली होती. पण पाण्यात हात घालून बोलले तेव्हा शपथ घेऊन सांगते, मला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. बसमध्ये काकांच्या तोंडून ते नाव ऐकलं तेव्हा झाली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बसला गर्दी होती, काका आणि अण्णा उभे होते, मला खिडकीजवळ जागा मिळाली होती. मी खिडकीबाहेर पाहात राहिले.

रविवारी भर दुपारी काका गल्लीतल्या दोघा-तिघांना घेऊन निमकरांच्या खोलीत गेले. निमकर जेवत होते. मी आमच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मध्ये फक्त कुंपण आणि एक पेरूचं झाड. आधी काकांचा आवाज आला, मग निमकरांचा, ‘अहो पण का? झालं काय?’ मग ताट भिंतीवर आपटल्याचा, आणि मग जे आवाज आले ते मी इथं लिहीत नाही. अम्मा चुलीपुढं बसली होती. हुळी, म्हणजे आमटी, उकळून उतू जात होती आणि तिनं पातेलं उतरवलं नाही. अण्णा त्या लोकांबरोबर गेले नव्हते. पण त्यांना थांबवायलाही गेले नाहीत. नंतर काकांनीच निमकरांना चौकीत नेलं. मुलीला असली खुनाबिनाची पुस्तकं कोण देत होतं, विचारा, असं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांना सोडलं, कारण त्या सोमवारी ते सकाळपासून कचेरीत टेबलावर होते हे दहा जणांनी सांगितलं. पण तोवर घरमालकानं त्यांची ट्रंक ओसरीवर काढून ठेवली होती.

ते आमच्या फाटकाशी आले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ओठ सुजलेला, चष्मा नाही, त्यामुळे डोळे बारीक करून पाहात होते. अण्णा देवळात गेले होते. निमकर फाटकाच्या आत आले नाहीत. म्हणाले, ‘वहिनी, वाचनालयाचं पुस्तक आहे. माझ्या कार्डावर आहे. परत करायला पाहिजे.’

अम्मा दारामागून मला म्हणाली, ‘दे त्यांचं त्यांना.’

मी पुस्तक आणलं. त्यांनी ते उघडलं, बसचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. मग पानं पुढं उलटत नेली, अगदी शेवटाजवळ, आणि पुस्तक डोळ्यांजवळ धरून जरा वेळ पाहात राहिले.

‘चौकीत मी त्यांना सांगितलं,’ ते म्हणाले, ‘की तळं, रेल्वे, निळी नखं, हे सगळं या कादंबरीत आहे. हे त्या पोरीला दिसलेलं नाही, तिनं वाचलेलं आहे. तर म्हणाले, कुठं आहे कादंबरी? म्हटलं, त्यांच्याच घरी आहे. कुणी आणवली नाही. आणवली असती तरी तिथं मराठी वाचणारं कोण होतं?’ ते रागानं बोलत नव्हते. कचेरीतली चूक समजावून सांगावी तसं बोलत होते. ‘वत्सला, तू वाचलं ना शेवटपर्यंत?’

अजूनही ते काही करायला सांगत नव्हते. पण मी हो म्हटलं असतं, तर घरमालकाकडे जाऊन तेवढं सांगता आलं असतं. काकांना सांगता आलं असतं. गल्लीतल्या लोकांना निदान कळलं असतं. पण हो म्हटलं, तर साडीतून काहीच दिसलं नव्हतं हे अम्माला कळणार होतं, आणि अम्मा माझ्या मागं दारात उभी होती.

‘नाही,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ‘बरं. नको वाचू. शेवट चांगला नाही.’

पुस्तक काखेत धरून ते गेले. पुढं ते कुठं राहिले, नोकरी राहिली की गेली, नागपूरला परत गेले की याच शहरात होते, मला माहीत नाही. मोठी झाल्यावर मी एकदा चौकशी केली होती, तीही अर्ध्या मनानं. वाचनालयात त्यांचं कार्ड बंद झाल्याची नोंद होती. पुस्तक जमा होतं.

अण्णा मात्र पुन्हा खुर्चीत बसले नाहीत. ते दर रविवारी निघत. काकांनी म्हटल्याप्रमाणे तळी काही एक नव्हती. तेव्हा या गावाभोवती तळीच तळी होती. अण्णा एकेक करून सगळीकडे गेले. जवळ रेल्वे असो नसो. कोळी भेटले की त्यांच्याजवळ बसायचे, धोबी भेटले की त्यांना विचारायचे. संध्याकाळी घोट्यापर्यंत चिखल घेऊन यायचे आणि अम्मा काही न विचारता पाय धुवायला तांब्या द्यायची. ही माझी शिक्षा होती असं मला वाटायचं: दर रविवारी तो चिखल पाहायचा आणि गप्प बसायचं. वर्षामागून वर्षं गेली. काही तळी बुजवली गेली, त्यांच्यावर बसचे डेपो आणि घरं झाली, तरी अण्णा तिथं जाऊन उभे राहायचे. मग त्यांचे गुडघे गेले, आणि ते गेले. शेवटच्या आजारात त्यांनी मला एकदा विचारलं, ‘लव्हाळी म्हणालीस ना तू? उंच का बुटकी?’ मी म्हणाले, ‘उंच.’

या लिहिलेल्या आठवणी वाचून माझी लेक म्हणते, हे प्रकरण गाळ. तू लहान होतीस. ते मला कळतं. पण मी कायम तेवढी लहान राहिले नाही. वीस वर्षांची झाले तेव्हाही बोलले नाही, तिशीतही नाही. अण्णांनी उंच का बुटकी असं विचारलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते.

अम्मा त्यांच्यामागं बरीच वर्षं जगली, याच शहरात बनशंकरीला माझ्याजवळ. शेवटच्या वर्षी तिला घेऊन मी एका दवाखान्यात एक्स-रेसाठी बसले होते. चाकाच्या खुर्चीत ती, बाकावर मी, हातात नंबराचा कागद. समोर टीव्ही चालू होता आणि आवाज बंद होता. पाऊण तास झाला होता. मग टीव्हीकडे पाहतच म्हणाली, ‘वत्सू, त्या पाण्यात तुला काही दिसलं नव्हतं ना?’

मी तिच्याकडे पाहिलं. शेहेचाळीस वर्षं जे सांगायचं होतं ते असं एका शब्दात मावेल असं मला वाटलं नव्हतं. ‘नाही,’ मी म्हणाले.

‘ठाऊक होतं मला.’

‘निमकर फाटकात बोलले तेव्हा कळलं?’

‘त्याच्या आधी. तू हात घातलास तेव्हाच. मी वाचलं होतं की ते पुस्तक. ती गेल्यावर आठ दिवस तेच करत होते, तू शाळेत गेलीस की. बोट ठेवून ठेवून. ब्लांशक्काला एक तरी बाई जिवंत सापडते का, ते बघायचं होतं. एकही सापडत नाही. तरी मी पाण्यात हात घातले, वेडीसारखे. तू लव्हाळी म्हणालीस तेव्हा कळलं, पोर पुस्तकातलं बोलते.’

‘मग अण्णांना का सांगितलंस?’

‘ते उठत नव्हते गं. मला कुणीतरी उठून तिला शोधायला जायला हवं होतं. खोटं तर खोटं. खोटं आहे म्हटलं असतं तर परत बसले असते.’

‘आणि निखं निळी?’ मी म्हणाले. माझी जीभ अडखळली. ‘निळी नखं, अम्मा. ते सांगायला नको होतं.’

‘मला वाटलं, चार प्रश्न विचारतील आणि सोडतील. मग मारायला लागले. तेव्हा बोलले असते तर तुला मारलं असतं त्यांनी. नाहीतर मला.’ तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. ‘मला वाटलं तू बोलशील. तुला वाटलं असेल मी बोलेन.’

मला तसं वाटलं नव्हतं. तिला काही माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. एकाच स्वयंपाकघरात, एका कुंपणापलीकडे तो माणूस ओरडत असताना, आम्ही दोघी एकच गोष्ट जाणून होतो, आणि दोघींपैकी एकीनंही चार पावलं टाकली नव्हती. मी तिला हे म्हणाले नाही. शहाऐंशी वर्षांच्या बाईला काय म्हणायचं?

मग तिनं विचारलं, ‘त्याला आई होती का गं?’

‘कुणाला?’

‘निमकरला.’

मी आठवून पाहिलं. तो माणूस दोन वर्षं आमच्या शेजारी राहिला. शंभर वेळा कुंपणाशी आला.

‘माहीत नाही,’ मी म्हणाले. ‘आपण कधी विचारलं नाही.’

आमचा नंबर पुकारला. मी खुर्चीचा ब्रेक काढला आणि तिला आत नेलं.